एक ते चार बंद

४ फेब्रुवारी

दुपारी एक वाजता मालकाने स्वतः येऊन दिवे मालवले. मी एका कवळीची हिरडी घासत होतो, हातात यंत्र फिरतंय आणि एकदम अंधार. वाटलं वीज गेली. वर बघतो तर सगळे अंगातले पांढरे कोट काढून दाराकडे निघालेले. एक ते चार लॅब बंद. चारला परत यायचं आणि रात्री आठपर्यंत काम. दुपारी दुकान बंद करून झोपणाऱ्यांवर जन्मभर विनोद केले, आता त्यांच्यातच येऊन पडलो.

फोन घेणारी बाई जाता जाता थांबली. म्हणाली, "चल की, आम्ही सगळे कोपऱ्यावर जेवतो." मी म्हटलं, "नको नको, डबा आणलाय." ती "बरं" म्हणाली आणि गेली. बरं! आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणायचंच असतं. दुसऱ्याला यजमान हात धरतो, तिसऱ्याला पान वाढलेलं असतं. इथे पहिल्याच 'नको'ला दार लागलं.

बंद लॅबमध्ये, खिडकीपाशी बसून डबा खाल्ला. दातांची मापं भरलेले ट्रे चहूकडे. दिवसभर दुसऱ्यांनी चावावं म्हणून दात करायचे आणि आपण मात्र एकट्याने चावायचं. घास गिळवत नव्हता. एक वर्ष कच्ची नोकरी आहे. वर्षाने मालकाने पक्का केला तर हिला, ठमीला आणि आईला इथे आणता येईल. त्याच्यासाठी आलो, दुसरं काही कारण नाही. ठमी दहा वर्षांची आहे.

६ फेब्रुवारी

बाईने आज पुन्हा विचारलं. मी पुन्हा 'नको' म्हटलं, मनात म्हटलं आता तिसऱ्यांदा जाऊ. तिने मान हलवली.

१० फेब्रुवारी

तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

११ फेब्रुवारी

आज जिवात जीव आला. हे आधी डोक्यात कसं आलं नाही? इथे दुपारचे दोन म्हणजे घरी रात्रीचे साडेआठ, म्हणजे अगदी जेवायची वेळ. प्लास्टरच्या डब्याला फोन टेकवून ठेवला. समोर ही, शेजारी ठमी, पलीकडे आई, तिघी ताटं घेऊन बसलेल्या. आणि मी डबा उघडून. माझी दुपार आणि त्यांची रात्र, पण घास बरोबर. ठमीने भाजी बाजूला सारली तशी मी इथून ओरडलो आणि तिने मुकाट खाल्ली. आई म्हणाली, "अरे, तू तिथे जाऊनसुद्धा मागे लागतोसच."

ही हसत होती. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. आता रोज असंच. कोपऱ्यावरचं जेवण त्यांचं त्यांना लखलाभ.

१ मार्च

फोन तासाभरात संपतो. तीन ते चार करायचं काय? खोलीवर जाऊन यायला वेळ पुरत नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं मी गेल्या आठवड्यात भट्टीत कॅप लावल्या. चिनी मातीचा थर चढवलेल्या दाताच्या कॅप, भट्टीत भाजायला वेळ लागतोच. ऐन जेवताना लावल्या तर चारपर्यंत निघतात. मग रोजचंच झालं. डबा उघडायच्या आधी भट्टी लावायची.

चारला मालक आला, तयार ट्रे बघितला, माझ्या पाठीवर थाप मारली. बाकीचे कोट चढवत होते. मेणकाका (सगळ्यांत म्हातारा, मेणात दात कोरतो, हात काय आहे त्याचा!) ट्रेकडे बघत नुसता उभा राहिला. हा गृहस्थ एकच्या ठोक्याला सायकल काढतो आणि घरी पळतो. कोपऱ्यावरही जेवत नाही. इतक्या वयात बायकोच्या हातचंच पाहिजे! चोचले.

३ मार्च

खोलीतल्या जोडीदाराला मालकाच्या शाबासकीची गोष्ट सांगितली. हा आपल्याच भाषेचा, बारा वर्षं इथे बस चालवतो, मी त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणतो. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "अरे बाबा, त्यांच्या जेवणात तू कशाला पाय घालतोस?"

"मी कुठे जेवणात पाय घालतोय? मी भट्टीत कॅप घालतोय."

"तेच ते. हे लोक दुपारी काम करत नाहीत म्हणजे आळशी नाहीत. मी पहिल्या वर्षी जेवायच्या सुट्टीत बस धुवायचो. पुढच्या वर्षी बस धुणारा काढून टाकला."

"मग तुझं काय गेलं?"

तो भांडी घासायला उठला. बारा वर्षांत माणूस इथल्यासारखाच होऊन जातो. मला पक्कं व्हायचंय. माझ्या तिघी तिकडे आहेत, त्याचं कोण आहे?

१९ एप्रिल

आज धसकाच बसला. फोन लावला तर आई बोळक्या तोंडाने बसलेली. गाल आत गेलेले, एकदम दहा वर्षांनी म्हातारी. मी निघायच्या आधी स्वतःच्या हाताने केलेली कवळी, तीन वेळा बसवून बघितलेली, आणि जेवताना तोंडात नाही!

"आई, कवळी कुठेय?"

"ठेवली रे पाण्यात."

"जेवताना काढून ठेवतात का कवळी?"

आई हिच्याकडे बघायला लागली. ही म्हणाली, "अरे, मऊ भात आहे आज. लागतेय कशाला कवळी?"

म्हणजे टोचते. सांगवत नाही एवढंच. आठवून बघितलं तर गेले कित्येक दिवस ती अशीच बसते, मीच नीट पाहिलं नव्हतं. दुनियेला दात देतो आणि आपल्या आईची हिरडी सोलते. फोन ठेवल्यावर रडलो. लॅबमध्ये कोणी नव्हतं हे एक बरं.

२२ एप्रिल

आईची मापं निघताना बरोबर आणली होती. कधी लागतील म्हणून. दुपारी भट्टी चालू असताना नवी कवळी करायला घेतली. मेणकाकाकडून दात कोरून घ्यावेत असं मनात होतं, पण तो हल्ली माझ्याशी बोलत नाही. कोणीच बोलत नाही तसं. मी आत आलो की बोलणं थांबतं. भाषा येत नाही माझी धड, म्हणून कंटाळत असतील.

३० मे

ठमीकडे लक्ष दे म्हणून आज हिला बोललो. मुलीच्या ताटात चार शितं, तीही बोटाने इकडून तिकडे फिरवत बसलेली. गेले महिनाभर हेच. अंगात झोपायचा झगा, केसांच्या घट्ट वेण्या, आणि जांभया. "पोरगी वाळत चाललीय आणि तुझं लक्ष नाही," असं बोलून गेलो.

"खाते रे ती," ही म्हणाली.

"माझ्या डोळ्यांदेखत काही खात नाही."

"दुपारी भरपूर खाते मग." तिने तोंड फिरवलं. तिच्या पाठीमागे ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली. जेवण चालू असतानाच आवरून ठेवते ही, कामाला वाघ आहे. हल्ली सकाळी सातला एका बालवाडीत शिकवायला जाते ना, म्हणून लवकर आटपत असेल.

ठमीने मोठी जांभई दिली आणि विचारलं, "बाबा, झालं तुझं?"

"अजून अर्धा डबा आहे."

"हळूहळू खातोस तू."

तिच्यासाठीच हळू खातो. डबा संपला की फोन ठेवावा लागतो.

१७ जून

नवी कवळी पोचली. आई लावून बसली होती, मुद्दाम मला दाखवायला. सुंदर दिसली. "कशी आहे?" विचारलं तर म्हणाली, "छान आहे रे बाळा. पण पहिलीही चांगलीच होती."

आई कधी तक्रार करणार नाही.

८ जुलै

मालकाने सगळ्यांना उभं केलं. पुढच्या महिन्यापासून एक ते चार बंद नाही. सकाळी आठ ते पाच सलग. जेवायला अर्धा तास, तोही दोघादोघांनी पाळीपाळीने, मागच्या खोलीत टेबल टाकून मिळेल. कामाच्या जागी फोन नाही. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "पाच महिने हा दुपारी इथेच बसतो. भट्टी चालते, काम होतं, माणूस ठणठणीत आहे. तुम्हालाच तीन तास कशाला हवेत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं कशाला लिहू, क्षणभर छाती फुगली. वर्षअखेर पक्का होणार हे ठरल्यासारखंच झालं.

मेणकाकाने मालकाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होता. मालक नुसता भट्टीकडे बोट दाखवत होता.

रात्री बसमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. माझी पाळी साडेअकराची. तेव्हा घरी सहा. ठमी क्लासला, ही बाजारात. पाचला सुटलो तर तिकडे मध्यरात्र होत आलेली. दुपारचा दोनचा फोन गेला. स्वतःच्या हाताने घालवला.

९ जुलै

मालकाकडे गेलो. पाळी दोनची करा म्हटलं, घरच्यांबरोबर जेवतो मी.

तो खरंच चकित झाला. "जेवतोस? तू तर काम करत होतास."

१२ जुलै

घरी सांगितलं. मला वाटलं होतं ठमी रडेल. ती म्हणाली, "म्हणजे रोज बसायचं नाही?" हिने तिला आत पाठवलं. ही म्हणाली, "अरे, नोकरी महत्त्वाची. आमचं काय, आम्ही जेवू." तिचा आवाज इतका मोकळा होता की मला धीर आला. माझी माणसं खंबीर आहेत. मीच ढेपाळलोय.

६ ऑगस्ट

मागच्या खोलीत खिडकी नाही. माझ्या पाळीला जोडीला फोनवाली बाई. तिने डबा उघडला, मी उघडला. मी म्हटलं, "घ्या ना थोडं." ती म्हणाली, "नको." मी पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आपल्या पद्धतीने वाढायलाच गेलो तर तिने डब्यावर हात ठेवला. तिचं 'नको' म्हणजे नको. भिंतीकडे तोंड करून जेवली आणि दहा मिनिटांत उठून गेली.

उरलेली वीस मिनिटं मी घड्याळाकडे बघत बसलो. फोनवरचा तास पुरत नव्हता आणि हा अर्धा तास सरत नाही.

२१ ऑगस्ट

मेणकाकाने काम सोडलं. बाईने सांगितलं, बोलायचं नसूनही सांगितलं. त्याच्या बायकोला अर्धांग आहे. इतर कोणी भरवलं तर ती तोंड उघडत नाही. दुपारी तो जायचा, भरवायचा, तोंड पुसून झोपवून चारला परत यायचा. नऊ वर्षं.

तो आपली कोरायची हत्यारं फडक्यात गुंडाळत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यानेच विचारलं, "तू दुपारी त्या फोनवर कोणाबरोबर जेवायचास?"

"बायको, मुलगी, आई."

त्याने फडक्याची गाठ मारली. रागाने नाही. "म्हणजे तुला ठाऊक होतं," एवढं म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

काय ठाऊक होतं? मी थोडंच त्याला घालवलं? नियम मालकाने केला. ड्रायव्हरसाहेबाला सांगितलं तर तो म्हणाला, "झोप आता." मला झोप कुठली.

१४ सप्टेंबर, रविवार

रविवारी तरी बरोबर जेवू असं ठरलं होतं. गेले दोन रविवार कोणी ना कोणी बाहेर. आज फोन लागला तर ठमी एकटीच, ही अंघोळीला गेलेली.

"जेवायला बसायचं ना?" मी म्हटलं.

"आमचं झालं बाबा."

"इतक्यात?"

"आम्ही साडेसातलाच जेवतो. आईला सकाळी उठायचं असतं ना."

"म्हणजे आता वेळ बदलली तर."

"नाही. आधीपण साडेसातलाच. पण तेव्हा परत ताटं घेऊन बसावं लागायचं. आजी तर कवळी काढून ठेवायची, मग आई म्हणायची, बसा गं थोडा वेळ, तो एकटा आहे." मग तिलाच काहीतरी वाटलं. "बाबा, तू रागावलास?"

मी नाही म्हटलं. विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, "आई बालवाडीत जायला लागली तेव्हापासून." म्हणजे मार्चपासून. मग हिने येऊन फोन घेतला, चेहऱ्यावरून पाणी निथळतंय, आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला समजलं. "अरे, तुला एकट्याला घास जात नव्हता," ती म्हणाली. "काय करणार होते मी?"

चार-पाच महिने मी ज्यांच्याबरोबर जेवलो त्या जेवत नव्हत्या. आधीच जेवून, पेंगत, रिकाम्या ताटापुढे बसून माझा डबा संपायची वाट बघत होत्या. आणि मी? मुलगी वाळली म्हणून हिला बोललो. आईला दुसरी कवळी करून पाठवली. माझी दया येत होती त्यांना. दया! घरच्या माणसांना माझी दया यावी इतका मी कधी लांब गेलो? आज काही शिजवलं नाही. ड्रायव्हरसाहेबाने ताट वाढून समोर ठेवलं होतं, ते तसंच झाकून ठेवलं.

१५ सप्टेंबर

काम केलं. अठरा कॅप.

२७ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. मेणकाकाच्या जागी माणूस घेतला नाही. त्याचं काम मीच करतो. मालक म्हणतो, "तुला जमतंय की." जमत नाही. त्याच्या दातांना एक बारीकशी वाकडी ठेवण असायची, खऱ्या माणसाच्या तोंडातली. माझे दात शिस्तीत उभे राहतात.

१० जानेवारी

पक्का झालो. मालकाने हात मिळवला. बरोबर घरच्यांना आणायचे कागदही दिले. लॅबमधून बाहेर येऊन रस्त्यावरच फोन लावला, तिकडे किती वाजलेत ते न बघता. ही झोपेतून उठली.

"झालो पक्का! तिघींचे कागद मिळाले."

ती म्हणाली, "अरे वा." मग थांबली. "आपण रविवारी बोलू या का?"

११ जानेवारी, रविवार

ती नको म्हणाली. मी म्हटलं पहिलं 'नको' सगळेच म्हणतात. समजावलं: शाळा चांगली आहे, खोली मोठी घेऊ. ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी हात जोडले, अक्षरशः, फोनपुढे.

"तू आठला जाणार, पाचला येणार," ती म्हणाली. "आम्ही तिघींनी दिवसभर चार भिंतींत बसून काय करायचं? इथे माझी मुलं आहेत बालवाडीतली, दारातून ओरडत येतात. आई आवारातल्या बायकांत बसते. ठमीला मैत्रिणी आहेत."

"मग मी परत येतो. सोडतो सगळं."

यावर ती पटकन 'ये' म्हणेल अशी माझी खात्री होती. फोन बंद पडला की काय म्हणून मी दोनदा "हॅलो" म्हटलं.

"इतक्या मेहनतीने पक्का झालायस," ती म्हणाली. "घाई करू नकोस. इथली घडी बसलीय आता रे."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर भांडलो असतो, भांडण मला येतं. माझ्याशिवाय बसली का घडी, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ती खरं बोलली असती.

ड्रायव्हरसाहेबाला आज प्रथमच विचारलं, तुझ्या घरी कोण आहे. तो म्हणाला, "मुलगा आहे. लग्न झालं त्याचं. फोटो पाठवले होते."

२ फेब्रुवारी

मालकाने जेवणाच्या पाळ्यांवर देखरेख माझ्याकडे दिली. कोण किती वाजता बसला, कोण वेळेवर उठला. पगार थोडा वाढला. दुपारी एकाला उठवलं तर तोंडात घास होता, तो तसाच चावत भट्टीकडे गेला. होईल त्यांना सवय. हळूहळू माझ्याशी बोलायलाही लागतील.

देखरेखीमुळे माझी स्वतःची पाळी शेवटची झाली, सगळ्यांचं आटपल्यावर. गंमत म्हणजे बरोबर दोनची. मालक म्हणाला, मागच्या खोलीत तुला फोन चालेल.

लावला नाही. त्या झोपायच्या तयारीत असतील, आणि पुन्हा ताटं काढतील. मीच नको म्हटलं तरी काढतील. मेथी निवडावी तशी भाजी नुसती निवडत बसलो होतो, एवढ्यात आईचाच फोन आला. ही आणि ठमी झोपल्या म्हणाली. पडद्यावर तोंड नीट दिसत नव्हतं, तिला फोन धरता येत नाही.

"जेवलास का रे?"

समोर डबा होता, बाकी खुर्च्या रिकाम्या होत्या. मी फोन छातीशी धरला, म्हणजे तिला काही दिसू नये.

"हो आई," मी म्हटलं. "आत्ताच जेवलो. सगळ्यांबरोबर."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "मला आपली तीच काळजी."